सर्वांत चांगला गेमिंग शो कुणाचा? निवाडा करायची एक पद्धत

१६ जून २०१५. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजले होते आणि लॉस एंजेलिसमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. ई-थ्री या तिथल्या मोठ्या गेमिंग प्रदर्शनातला सोनीचा कार्यक्रम उघडला तो थेट ‘द लास्ट गार्डियन’वर. २००९ साली जाहीर झालेला हा गेम मधली कित्येक वर्षं जवळजवळ बेपत्ता होता. पुढे ‘फायनल फँटसी सेव्हन’चा रीमेक आला आणि त्याच्या पाठोपाठ ‘शेनम्यू थ्री’. सभागृहात माणसं उभी राहून ओरडत होती. इकडे मी डोळे पुसत होतो. दुपारपर्यंत सगळीकडे निकाल लागलेला होता: सोनी जिंकली.

आता तारखा पाहा. द लास्ट गार्डियन डिसेंबर २०१६ मध्ये आला, शेनम्यू थ्री नोव्हेंबर २०१९ मध्ये. फायनल फँटसीचा रीमेक एप्रिल २०२० मध्ये आला, आणि तोही मूळ कथेचा पहिलाच भाग होता. त्याच आठवड्यात, सोनीच्या आदल्या दिवशी, बेथेस्डा या गेम कंपनीने ‘फॉलआउट ४’ खेळून दाखवला, १० नोव्हेंबर २०१५ ही तारीख सांगितली आणि त्या तारखेला गेम दुकानात होता. मग जिंकलं कोण?

आमच्या कट्ट्यावर या प्रश्नावरून बरीच वर्षं भांडणं झाली, आणि त्यातली बरीचशी वाईट झाली. एक जण ट्रेलरबद्दल बोलायचा, दुसरा कंपनीबद्दल, तिसरा आपण विकत घेतलेल्या कन्सोलची, म्हणजे गेम खेळायच्या यंत्राची, बाजू लढवायचा. पुढे मी दरवेळी एक वही घेऊन बसायला लागलो. खाली दिलेली पद्धत त्या वहीतून आली आहे. ई-थ्री डिसेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद झालं, पण शो थांबलेले नाहीत. जूनमधला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा शोकेस, २०१९ पासूनचे सोनीचे ‘स्टेट ऑफ प्ले’ आणि २०११ पासूनचे ‘निन्टेन्डो डायरेक्ट’ हे ऑनलाइन कार्यक्रम आहेतच, त्यामुळे वाद दरवर्षी नव्याने पेटतो. तो नीट घालता यावा म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिली पायरी: नेमकं काय विचारतोय ते ठरवा

‘सर्वांत चांगला शो’ या तीन शब्दांत निदान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. कार्यक्रम म्हणून पाहायला कोणता चांगला होता? दाखवलेल्या गेमची यादी कुणाची चांगली होती? आणि त्या कंपनीचा पुढचा रस्ता कुणाचा जास्त स्पष्ट दिसला? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, आणि बहुतेक वेळा येतातच.

पहिल्यावहिल्या ई-थ्रीचं उदाहरण घ्या. मे १९९५ मध्ये सेगाने सॅटर्न कन्सोल ३९९ डॉलरला आणि तोही त्याच दिवसापासून निवडक दुकानांत मिळेल असं जाहीर केलं. थोड्या वेळाने सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढा आकडा उच्चारला आणि खाली उतरले. कार्यक्रम म्हणून त्यात काहीही नव्हतं. नाच नाही, ट्रेलर नाही. पण सोनीचा कन्सोल प्लेस्टेशन शंभर डॉलरने स्वस्त आहे हे कळलं आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं. आता कुणी म्हणालं की त्या वर्षी सेगाकडे जास्त गेम होते, तर तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. दोघांचं म्हणणं एकाच वेळी बरोबर असू शकतं.

म्हणून वाद सुरू होण्याआधी प्रत्येकाने सांगायचं: मी कोणत्या प्रश्नावर बोलतोय. एवढ्याने आमच्याकडची निम्मी भांडणं मिटली.

एक चौथा प्रश्नही आहे, तो म्हणजे ‘माझ्यासाठी सर्वांत चांगला कोणता’. तो विचारायला काहीच हरकत नाही, फक्त तो वेगळा ठेवावा. मला फुटबॉलचे गेम आवडत नाहीत, म्हणून फुटबॉल दाखवणारा शो वाईट ठरत नाही.

दुसरी पायरी: कशाची तुलना कशाशी

दीड तासाचा शोकेस आणि चाळीस मिनिटांचा डायरेक्ट यांना एकाच तराजूत घालताना वेळेचा विचार हवा. मी दोन्हीकडचा पहिला तास पाहतो, असं नाही. मी पाहतो की शोमध्ये भरताड किती होती: कुणी तरी मंचावर येऊन दहा मिनिटं विक्रीचे आकडे वाचले का, तीन वेळा पाहिलेला ट्रेलर चौथ्यांदा दाखवला का. लहान शोमध्ये भरताड कमी असेल तर ते त्याच्या बाजूने मोजायचं.

मग गेम कुणाचा, हा मुद्दा. इथे लोक सर्वांत जास्त घसरतात. ‘सायबरपंक २०७७’ २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षं एक्सबॉक्सच्या मंचावर होता. २०१९ मध्ये त्यात काम केलेला हॉलिवूडचा नट कियानू रीव्ह्ज स्वतः आला आणि १६ एप्रिल २०२० ही तारीख सांगून गेला. पण गेम पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा होता आणि प्लेस्टेशनवरही येणार होता. त्या क्षणाचं श्रेय एक्सबॉक्सला द्यायचं का? माझा नियम असा: कार्यक्रम म्हणून पूर्ण श्रेय, कारण तो क्षण आपल्या मंचावर आणायला त्यांनी प्रयत्न केले. यादी म्हणून निम्मं. कंपनीचा रस्ता म्हणून शून्य. तुम्ही वेगळे आकडे ठरवू शकता, पण शो सुरू व्हायच्या आधी ठरवा. नंतर ठरवलेला नियम नेहमी आपल्या आवडत्या कंपनीच्या सोयीचा निघतो.

अलीकडे हा मुद्दा आणखी गुंतागुंतीचा झालाय. एक्सबॉक्सच्या स्वतःच्या स्टुडिओंचे गेम आता प्लेस्टेशनवरही येतात. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘फोर्झा होरायझन ५’ दोन्ही एप्रिल २०२५ मध्ये पीएस५ वर (प्लेस्टेशन ५ वर) आले. त्यामुळे ‘एक्सक्लुझिव्ह (एकाच कंपनीच्या कन्सोलवर चालणारे गेम) किती दाखवले’ या जुन्या मोजपट्टीला आता पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही. ‘हा गेम या कंपनीने बनवला, पैसा लावला, की नुसता मंच दिला’ हे विचारणं जास्त कामाचं आहे.

आणि एक छोटी गोष्ट. शोच्या आधीच जाहीर झालेल्या गेमला ‘नवी घोषणा’ धरू नका. फॉलआउट ४ ची घोषणा ३ जून २०१५ ला झाली होती, शो १४ जूनला. त्याला गुण मिळाले ते गेमप्लेचे, म्हणजे खेळून दाखवल्याचे, आणि तारखेचे.

तिसरी पायरी: वहीचं पान

सगळ्या पद्धतीचा कणा हाच आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

पानावर सहा रकाने आखा. गेमचं नाव. नवा की आधी माहीत असलेला. काय दाखवलं. तारीख. कशावर खेळता येईल. आणि शेवटचा, ‘बघताना काय वाटलं’. शो चालू असताना भराभर लिहायचं, वाक्यं नाहीत, खुणा. एका गेमला दोन-तीन मिनिटंच मिळतात, त्यात हे जमतं. एकदा सवय झाली की शो जास्त लक्ष देऊन पाहिला जातो, हा माझा अनुभव आहे.

‘काय दाखवलं’ या रकान्यात मी पाच पायऱ्या धरतो. सर्वांत खाली नुसतं नाव आणि लोगो. त्याच्या वर चित्रपटासारखा ट्रेलर, ज्यात गेम कसा खेळायचा ते कळत नाही. त्याच्या वर ‘इन-एन्जिन’, म्हणजे गेमच्याच तंत्रावर बनवलेली पण खेळून न दाखवलेली दृश्यं. मग कापून जोडलेला गेमप्ले. आणि सर्वांत वर सलग, न तोडलेला गेमप्ले, शक्य तर मंचावर प्रत्यक्ष खेळलेला.

ओळखायचं कसं? पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. ‘इन-एन्जिन फुटेज’ किंवा ‘हे प्रत्यक्ष गेमप्ले नाही’ असं तिथे लिहिलेलं असतं. पडद्यावर आयुष्याची पट्टी, गोळ्यांचा आकडा, नकाशा दिसतो का ते पाहा. कॅमेरा पात्राच्या मागे स्थिर आहे की सिनेमासारखा फिरतोय ते पाहा. पात्र भिंतीला घासतं, क्षणभर अडखळतं, नेम चुकवतं, तेव्हा बहुधा कुणीतरी खरंच खेळत असतं.

हा रकाना का हवा, याचं जुनं उदाहरण २००५ चं आहे. प्लेस्टेशन ३ ची ओळख करून देताना सोनीने किलझोनचा एक ट्रेलर दाखवला. तो इतका सुंदर होता की लोकांनी तो प्रत्यक्ष गेम समजला, पण तो आधीच बनवून ठेवलेला चित्रपट होता. ‘किलझोन २’ हातात पडला २००९ मध्ये. गेम चांगलाच होता, तरी त्या ट्रेलरशी तुलना शेवटपर्यंत त्याच्या मानेवर बसून राहिली. युबिसॉफ्टच्या ‘वॉच डॉग्ज’चं तसंच झालं. २०१२ च्या ई-थ्रीमध्ये दिसलेला पाऊस, वारा आणि उजेड २०१४ च्या गेममध्ये तसा नव्हता.

उलट, जिथे धोका पत्करलेला असतो तिथे जास्त गुण द्या. २०१५ च्या त्याच सोनी शोचा शेवट ‘अनचार्टेड ४’ने झाला. गेम सुरू झाला आणि त्याचा नायक नेथन ड्रेक नुसताच उभा राहिला, हलेचना. सगळं थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं. कित्येकांनी याला फजिती म्हटलं. मला तो क्षण त्या संध्याकाळचा सर्वांत विश्वासाचा वाटला, कारण तेव्हाच कळलं की मंचावर खरोखर कुणीतरी कंट्रोलर धरून बसलंय.

तारखेचा रकानाही असाच नेमका भरा. ‘आजच रात्री’, ‘अमुक दिवशी’, ‘अमुक हंगामात’, ‘अमुक वर्षी’ आणि ‘काहीच नाही’. नुसतं ‘लवकरच’ म्हटलं असेल तर ‘काहीच नाही’मध्ये लिहायचं.

पानाच्या तळाशी एक मोकळी ओळ सोडा: काय सांगितलं नाही. २ एप्रिल २०२५ च्या निन्टेन्डो डायरेक्टमध्ये स्विच २ कन्सोल तपशिलात दाखवला, ५ जून ही तारीखही दिली, पण किंमत त्या कार्यक्रमात उच्चारली नाही. अमेरिकेतली ४४९.९९ डॉलर ही किंमत नंतर वेगळी कळली. शो बघताना ही गोष्ट निसटते, कारण न दाखवलेल्या गोष्टीवर टाळ्या पडत नाहीत. मात्र कंपनीने काय टाळलं यावरून ती कशाला घाबरते हे बरंच कळतं.

चौथी पायरी: आपला निकाल आधी, दुसऱ्यांचे नंतर

एक्सबॉक्सचा जूनमधला शो बहुधा कॅलिफोर्नियात सकाळी दहाला असतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. पीएस५ चे गेम दाखवणारा २०२० चा कार्यक्रम तर आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाला. शो संपतो तेव्हा डोकं तापलेलं असतं आणि हात लगेच फोनकडे जातो. नेमकं ते टाळा. पाच ओळींत स्वतःचा निकाल वहीत लिहा, खाली वेळ टाका, मगच इतर काय म्हणतात ते वाचा. दुसऱ्याचं मत एकदा वाचलं की आपलं मूळ मत कोणतं होतं हे आठवत नाही, आणि मग आपण कुणाच्या तरी शब्दांत भांडतो.

सकाळी उठून तोच निकाल पुन्हा वाचा. बदलायचा असेल तर खोडू नका, खाली दुसरा लिहा. दोन्हींमधला फरकच पुष्कळदा सांगतो की रात्री आपण शेवटच्या पाच मिनिटांना किती भुललो होतो. प्रत्येक कंपनी सर्वांत मोठा धक्का शेवटी ठेवते, ते त्यासाठीच.

पाचवी पायरी: गुण द्या, पण दोन खात्यांत

यादीचे गुण मी असे देतो. काय दाखवलं: लोगोला ०, ट्रेलरला १, इन-एन्जिन किंवा कापलेल्या गेमप्लेला २, सलग गेमप्लेला ३. तारीख: काहीच नसेल तर ०, हंगाम किंवा वर्ष असेल तर १, नेमका दिवस असेल तर २, आणि त्याच रात्री खेळता येत असेल तर ३. म्हणजे एका गेमला जास्तीत जास्त ६.

२०१५ चा आठवडा या हिशोबात बसवून पाहू. फायनल फँटसी सेव्हन रीमेक: ट्रेलर १, तारीख ०. शेनम्यू थ्री: एक छोटी झलक आणि लोकांकडून पैसे गोळा करायचं आवाहन, तेही १ आणि ०. द लास्ट गार्डियन: गेमप्ले २, ‘२०१६’ या वर्षाचा १. तिघांचे मिळून ५. आता बेथेस्डा. फॉलआउट ४: सलग गेमप्ले ३, नेमका दिवस २, एकट्याचे ५. आणि ‘फॉलआउट शेल्टर’ हा फोनवरचा छोटा गेम, जो त्याच रात्री आयफोनवर उतरवता येत होता, त्याला ६ पैकी ६.

म्हणजे जगाला रडवणाऱ्या तीन घोषणांपेक्षा एक मोबाइल गेम वरचढ? यादीच्या खात्यात, हो. आणि मी या उत्तरावर ठाम आहे. पण म्हणूनच दुसरं खातं लागतं. शेवटच्या रकान्यात, ‘बघताना काय वाटलं’मध्ये, प्रत्येक गेमला ० ते १० असे वेगळे गुण द्या. तिथे शेनम्यूला मी १० दिलेत. २००१ च्या दुसऱ्या भागानंतर अर्धवट सुटलेली गोष्ट पुढे जाणार, हे कळल्याचा आनंद खरा होता. वीस लाख डॉलरचं लक्ष्य नऊ तासांच्या आत पूर्ण झालं आणि शेवटी साठ लाखांहून जास्त जमले. माणसं उगीच खिशात हात घालत नाहीत.

ही दोन खाती कधीही एकत्र करू नका. वाद बिघडतो तो यांची बेरीज केल्यामुळे. ‘एकूण ७८ विरुद्ध ७४’ असं म्हटलं की आनंदाचे गुण तारखेच्या गुणांना गिळतात किंवा उलटं होतं, आणि मग कोणाचंच समाधान होत नाही. दोन निकाल द्या: ‘कार्यक्रम अमक्याचा, यादी तमक्याची’. ऐकणाऱ्याला हे पळवाट वाटेल. वाटू द्या, पण दोन्ही निकालांमागचं पान त्याच्यासमोर ठेवा.

शिवाय, नुसती संख्या मोजायचा मोह आवरा. जून २०२१ च्या शोमध्ये एक्सबॉक्सने तीस गेम दाखवले आणि त्यांतले सत्तावीस आपल्या ‘गेम पास’ या वर्गणीत मिळतील असं सांगितलं. वर्गणी भरणाऱ्यासाठी ती मोठी गोष्ट होती. तरी तिसापैकी ‘फोर्झा होरायझन ५’ सारखा पाच महिन्यांत आलेला गेम आणि ११ नोव्हेंबर २०२२ ही तारीख देऊन सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला ‘स्टारफील्ड’ यांना सारखंच ‘एक’ मोजणं अन्यायाचं आहे.

सहावी पायरी: यंत्र, किंमत, धोरण

या घोषणांना वेगळं पान द्या. त्या गेमसारख्या मोजता येत नाहीत.

जून २०१३ चा दिवस आठवा. सकाळी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला जाहीर केला. त्याआधीच वापरलेल्या डिस्कवरची बंधनं आणि ठरावीक वेळाने इंटरनेटला जोडण्याची अट यामुळे लोक बिथरलेले होते. संध्याकाळी सोनीने पीएस४ ची किंमत ३९९ सांगितली आणि सोनीचे जॅक ट्रेटन यांनी जुने गेम विकायला, द्यायला, उसने घ्यायला कोणतीही आडकाठी नाही असं जाहीर केलं. सभागृह दणाणलं. नऊ दिवसांनी, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने आपलं धोरण मागे घेतलं. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने दाखवलेल्या गेमची यादी मुळीच वाईट नव्हती. माझ्या वहीत ती सोनीच्या बरोबरीची आहे. पण तो दिवस त्या यादीने ठरलाच नाही.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने केलेली एक घोषणा मात्र लोकांनी कमी लेखली: एक्सबॉक्स ३६० चे जुने गेम एक्सबॉक्स वनवर चालतील. त्याला ट्रेलरसारखा झगमगाट नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये ती सोय सुरू झाली आणि पुढच्या पिढीच्या कन्सोलवरही टिकली. कपाटात ३६० च्या डिस्क जपून ठेवलेल्या माणसाला तिची किंमत दहा ट्रेलरहून जास्त होती. अशा घोषणेसाठी एकच प्रश्न विचारा: पाच वर्षांनी ही गोष्ट कुणाच्या तरी रोजच्या खेळण्यात असेल का?

किंमत मोजताना आपल्याकडच्या वाचकाने डॉलरच्या आकड्यावर थांबू नये. पीएस५ अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, डिस्कवाला ४९,९९० रुपयांना. एक्सबॉक्स सिरीज एक्स त्याच किमतीला, पण जगाबरोबर १० नोव्हेंबर २०२० लाच आला होता. ‘माझ्यासाठी सर्वांत चांगला शो’ या चौथ्या प्रश्नात हे तीन महिने मोजायलाच हवेत. निन्टेन्डोचे कन्सोल तर आपल्याकडे वर्षानुवर्षं बाहेरून आणलेलेच घ्यावे लागलेत, दुरुस्तीची हमी नसताना. याचा अर्थ निन्टेन्डोचा शो कमी दर्जाचा असा नाही. सांगली-साताऱ्यातल्या मुलाने ‘माझ्यासाठी’ म्हणताना ते मोजलं तर त्याला कोणी नावं ठेवू नयेत, इतकंच.

सातवी पायरी: वाद कसा घालायचा

कट्ट्यावर आम्ही एक नियम केलाय आणि तो मला सर्वांत प्रिय आहे. बोलायला सुरुवात करणाऱ्याने आधी, आपल्याला न आवडणाऱ्या कंपनीच्या शोमधली सर्वांत चांगली गोष्ट सांगायची. ती मनापासून सांगितली नाही असं इतरांना वाटलं तर पुन्हा सांगायची. पहिल्या वर्षी हे फार जड गेलं. आता त्यातूनच चांगले मुद्दे निघतात, कारण शत्रूपक्षाचा शो पाहताना प्रत्येक जण ती एक गोष्ट शोधत असतो.

दुसरा नियम: ‘काही नव्हतंच’ हे वाक्य बाद. त्याऐवजी पान दाखवा. मे २०२३ च्या प्लेस्टेशन शोकेसनंतर हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. त्या शोमध्ये ‘स्पायडर-मॅन २’चा दहा मिनिटांहून मोठा गेमप्ले होता आणि तो गेम पाच महिन्यांत, २० ऑक्टोबरला आला. तक्रारीतला खरा भाग वेगळा होता: सतत ऑनलाइन चालणाऱ्या गेमचा भरणा फार होता आणि सोनीच्या नावाजलेल्या बऱ्याच स्टुडिओंचं काहीच दिसलं नाही. असं नेमकं बोललं की त्यावर चर्चा होते.

तिसरा: समोरच्याला विचारा, ‘काय दिसलं असतं तर तुझं मत बदललं असतं?’ उत्तर ‘काहीही नाही’ असेल तर तो विषय तिथेच सोडून चहा मागवा.

आठवी पायरी: वर्षानंतर पान पुन्हा उघडा

शोनंतर बरोबर एक वर्षाने तेच पान काढा आणि प्रत्येक ओळीपुढे लिहा: आला, लांबला, रद्द झाला.

या कामासाठी सर्वांत सोयीचं वर्ष २०२२ आहे, कारण १२ जूनच्या शोमध्ये एक्सबॉक्सने स्वतःच मुदत घालून दिली: दाखवतोय ते सगळं पुढच्या बारा महिन्यांत खेळता येईल. अशी हमी क्वचित कोणी देतं आणि त्या धाडसाचं मला आजही कौतुक आहे. वर्षाने पान उघडलं तेव्हा ‘अ‍ॅज डस्क फॉल्स’, ‘ग्राउंडेड’ची पूर्ण आवृत्ती, ‘अ प्लेग टेल: रेक्विएम’, ‘हाय ऑन लाइफ’, ‘वो लाँग’, ‘माइनक्राफ्ट लेजंड्स’ आलेले होते. ‘रेडफॉल’ही मे २०२३ मध्ये आला, मात्र इतक्या कच्च्या अवस्थेत की समीक्षकांनी आणि खेळाडूंनी त्याला झोडपलं. स्टारफील्ड सप्टेंबरमध्ये आला, ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ ऑक्टोबरमध्ये. आणि ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ आला ४ सप्टेंबर २०२५ ला.

इथे न्यायाने वागा. लांबणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. ‘हेलो इन्फिनिट’चा जुलै २०२० मधला गेमप्ले पाहून लोकांनी नाकं मुरडली, गेम एक वर्षाहून जास्त पुढे ढकलला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये बऱ्याच सुधारलेल्या रूपात आला. सायबरपंक मात्र अजून सहा महिने थांबायला हवा होता. डिसेंबर २०२० मध्ये तो आला आणि आठवड्याभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. म्हणून लांबलेल्या गेमचे मी इतर गुण कापत नाही, फक्त तारखेचे जास्तीचे दिलेले परत घेतो. रद्द झालेल्याचे मात्र सगळे परत घेतो, आनंदाचे सोडून. २०१४ मध्ये दाखवलेला ‘स्केलबाउंड’ जानेवारी २०१७ मध्ये रद्द झाला. जून २०२४ च्या शोमध्ये ‘परफेक्ट डार्क’चा गेमप्ले पाहून मी उडालो होतो. जुलै २०२५ मध्ये तो रद्द झाला आणि तो बनवणारा स्टुडिओही बंद झाला. ती ओळ खोडताना वाईट वाटलं. तिच्यामागे कित्येक माणसांची वर्षं होती.

आणि नेमकं उलट घडलेलंही याच पानावर सापडतं. जून २०२४ च्या त्याच शोमध्ये फ्रान्समधल्या एका नव्या स्टुडिओचा ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ पहिल्यांदा दिसला. माझ्या पानावर त्याच्यापुढे ‘छान, बघू’ एवढंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये तो आला आणि वर्षाअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. मे २०२३ च्या ज्या प्लेस्टेशन शोला ‘ऑनलाइन गेमचा भरणा’ म्हणून नावं ठेवली गेली, त्यात दोन ओळी शेजारी-शेजारी होत्या असं समजा: ‘हेलडायव्हर्स २’ आणि ‘काँकॉर्ड’. दोघांनाही तेव्हा मी सारखेच गुण दिले होते. पहिल्याच्या बारा आठवड्यांत एक कोटी वीस लाख प्रती खपल्या. दुसरा २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद करून लोकांचे पैसे परत करावे लागले. त्या रात्री कोणाच्याही वहीतून हे कळणं शक्य नव्हतं, म्हणून रात्रीच्या निकालाला अंतिम म्हणायचं नाही.

मग २०१५ चं काय?

कार्यक्रम सोनीचा. यावर माझं मत दहा वर्षांत हललेलं नाही. निन्टेन्डोने त्या वर्षी इवाता, मियामोतो आणि रेजी या आपल्याच वरिष्ठांच्या बाहुल्या करून दाखवल्या. इवाता पुढच्याच महिन्यात गेले, त्यामुळे तो कार्यक्रम आज पाहताना गलबलतं, पण यादी म्हणून तो फिकाच होता.

वर्षानंतरचा निकाल बेथेस्डाचा. फॉलआउट ४ सांगितल्या दिवशी आला, ‘डूम’ मे २०१६ मध्ये आला, आणि दोन्ही तसेच होते जसे दाखवले होते. मायक्रोसॉफ्ट अगदी जवळ होता: ‘रेअर रीप्ले’ ऑगस्टमध्ये, ‘फोर्झा ६’ सप्टेंबरमध्ये, ‘हेलो ५’ ऑक्टोबरमध्ये, ‘राइज ऑफ द टूम रेडर’ नोव्हेंबरमध्ये. सोनीकडे त्या वर्षाअखेरीला स्वतःचं नवं मोठं असं जवळपास काही नव्हतं. त्या सकाळी ओरडताना हे आम्ही कोणी पाहिलंच नाही.

पण दहा वर्षांनी पान पुन्हा उघडलं, तेव्हा सोनीच्या यादीतली एकही मोठी ओळ खोडायची वेळ आलेली नव्हती. त्या सकाळी पहिल्यांदा दिसलेला ‘होरायझन झीरो डॉन’ फेब्रुवारी २०१७ मध्ये आला आणि त्यातून एक अख्खी मालिका उभी राहिली. ‘ड्रीम्स’ फेब्रुवारी २०२० मध्ये आला. द लास्ट गार्डियन आला, शेनम्यू आला. फायनल फँटसीचा दुसरा भाग २९ फेब्रुवारी २०२४ ला आला. तिसरा भाग हातात पडेपर्यंत ती ओळ मी बंद करणार नाही.